उचलीचं गणित

बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'माझं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान' असा एक लेख लिहून जमा करायचा होता आणि मी तो इंटर्नशिपला जायच्या आधीच लिहून ठेवला होता, चांगली 12 पानं. रूसो झाला, ड्युई झाला, गांधीजींची 1937 ची वर्ध्याची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, ती झाली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण एकाही वाक्यात मी पाहिलेलं लेकरू नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

इंटर्नशिपला शाळा मिळाली धारूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा होऊन आठवडा झाला होता. आमच्या बीड जिल्ह्यात हे दिवस कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको, ऊसतोडीला निघायची घाई, मजूर नेणारा मुकादम दारात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, ट्रॅक्टर कधी येणार एवढाच विषय. सहावीच्या 31 लेकरांपैकी त्या दिवशी 19 हजर होती. माझा पाठ होता एकमान पद्धतीचा, म्हणजे आधी एकाची किंमत काढून मग हव्या तेवढ्यांची काढायची, मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम निरीक्षणाची वही घेऊन बसलेल्या. पाठ टाचण पाठ होतं, पेनांचं चित्र असलेला तक्ता रात्री जागून केलेला. 12 पेनांची किंमत 60 रुपये तर 5 पेनांची किती?

पुढची चार-पाच पोरं उत्तर देत होती, बाकी गप्प. खिडकीजवळ एक मुलगी होती, नाव देत नाही, तिला उठवलं तर खाली मान घालून उभी राहिली. मी म्हणलं, अगं एका पेनाची किंमत काढ आधी. काहीच नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "सर ती परवा जायलीय, तिला कशाला इचारता."

आता मला खरं तर तिला खाली बसवून पुढं जायला पाहिजे होतं कारण 35 मिनिटांचा तास, पण माझे चुलते 20 वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेले, त्यामुळं तोंडातून आपोआप निघालं, उचल किती घेतली गं घरच्यांनी? ती पहिल्यांदा वर बघून बोलली, "80 हजार." टनाला भाव? "साडेतीनशे धरलाय." आणि आई-वडील दोघं मिळून दिवसाला किती ऊस तोडतेत? "दोन टन व्हतंय." मग उचल फिटायला किती दिवस लागतील?

ती फळ्याकडं आली नाही, वहीत लिहिलं नाही, बोटावर अंगठा फिरवत जागेवरच बोलत गेली. दोन टनाचे 700. धा दिवसाला 7 हजार. शंभर दिवसाला 70 हजार. ऱ्हायले 10 हजार, त्याला अजून चौदा-पंधरा दिवस. "एकशे पंधरा धरा सर, खाडा नाय झाला तर." खाडा म्हणजे काम बुडालेला दिवस. आणि जरा थांबून, "मुकादमाचं कमिशन येगळं."

वर्ग एकदम जागा झाला. एक पोरगा म्हणला, आमची उचल लाखाची हाय, एक म्हणली, आमचं तर मागच्या सालचं बी फिटलं नाही. मला मात्र तिचे ते टप्पे डोक्यातून जाईनात. एका दिवसाचे काढून दहाचे, शंभराचे, उरलेल्याचे पुन्हा दिवस, ही एकमान पद्धतच की, माझ्या तक्त्यापेक्षा स्वच्छ. तिला गणित येत होतं, आणि मी तिला न येणाऱ्यांत धरलं होतं. पाठ अर्धवट राहिला. मॅडमनी वहीत लिहिलं, 'मूल्यमापन झाले नाही, वेळेचे नियोजन नाही.' बरोबरच होतं ते, मी वाद घातला नाही.

संध्याकाळी एसटीत सोबतच्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तिला उचलीचंच गणित शिकवलंस तर ती कोयत्यावरच राहील ना रे, शाळा त्यातून बाहेर काढायला असते. हे मला लागलं, कारण यात दम आहे. रात्री पुन्हा नोट्स काढल्या. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं त्यात 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं म्हटलंय, एवढं आम्ही परीक्षेला पाठ केलेलं. पण काय शिकवायचं ते पण त्यांनी सांगितलंय, मोडी-बालबोध, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि हिशेब. ज्याला हिशेब येत नाही त्याला कोणीही लुबाडतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. म्हणून मला वाटतं मित्राचा प्रश्न बरोबर पण उत्तर चूक. कोयत्यातून बाहेर पडायचं तरी आधी उचलीतलं किती फिटलं नि किती राहिलं हे लेकराला स्वतःला मांडता यायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून एक जादा तास घेतला. ऊस मोजायच्या वजनकाट्याची पावती कशी वाचायची ते शिकवलं, भरलेलं वजन, रिकामं वजन, वजावट, निव्वळ. मग टनाचा भाव, मग खात्यावर किती जमा. तिला 100 पानी वही दिली, चार रकाने आखून, तारीख, टन, रुपये, खाडा. तिथल्या शाळेतल्या गुरुजींनी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. आई-वडील परत येईपर्यंत गावाकडंच हंगामी वसतिगृहात राहा म्हणून तिच्या आजीला पण सांगून पाहिलं, पण लहान भावाला तिकडं कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, सांभाळायला कोण, यावर आमच्या कोणाकडंच उत्तर नव्हतं. ट्रॅक्टर पहाटे गेला.

ती 12 पानं मी जमा केली नाहीत. नवीन लेख पाच पानांचा झाला, पहिल्या पानावर तिचे ते टप्पे जसेच्या तसे लिहिले, 700, 7 हजार, 70 हजार, उरले 10 हजार. मार्क कमी पडले थोडे.

जानेवारीत गुरुजींनी तिच्या वडलांच्या फोनवरून आलेला त्या वहीच्या पानाचा फोटो मला पाठवला. नोंदी रोजच्या होत्या, खाड्यापुढं कारण पण लिहिलेलं, 'भाऊ तापला', 'आईचा हात'. माझ्या चार रकान्यांशेजारी तिनं पट्टी न लावता पाचवा आखला होता, वर लिहिलं होतं 'शाळा'. एका पानावर 24 दिवस, आणि त्या रकान्यात बरोबरच्या तीन खुणा.