ड्रोन स्पर्धेला विमानाने जाताना: बॅटऱ्यांचा माझा अनुभव

आमच्या शाळेच्या रोबोटिक्स क्लबचं काम मी बघते. यंदा मुलांचे दोन संघ बाहेरच्या स्पर्धेसाठी निवडले गेले, एक रोबोचा आणि एक ड्रोन रेसिंगचा. नावनोंदणी, वयाचे दाखले, पालकांची संमतिपत्रं, सगळं वेळेत झालं. अडलं ते विमानतळावर, आणि असं अडलं की आठवलं की अजून चिडचिड होते. मुलांना घेऊन निघणाऱ्या इतर शिक्षकांना आणि पालकांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

रोबोच्या मुलांना कुणी काही विचारलं नाही. त्यांची बॅटरी हबच्या, म्हणजे रोबो चालवणाऱ्या मुख्य पेटीच्या, आतच असते. ड्रोनच्या मुलांकडे मात्र सुट्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या होत्या, आणि सुट्या बॅटरीचा नियम कडक आहे. ती फक्त हँडबॅगेतच न्यायची, चेक-इनच्या सामानात टाकायची नाही. आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, हा नियम मला पूर्णपणे पटतो. लायपोचा एक सेल आतून शॉर्ट झाला की तापतो, त्याच्या आचेने शेजारचा तापतो आणि आग भडकते. केबिनमध्ये हे लगेच दिसतं, कर्मचारी पाणी ओतून ती बॅटरी थंड ठेवू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात कोण बघणार?

मर्यादा वॅट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्यावर, मोजतात. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची मंजुरी घ्यावी लागते आणि माणशी दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. १६०च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. आमच्या बॅटऱ्या चार सेलच्या, १४.८ व्होल्ट, १५०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर), म्हणजे १.५ अँपिअर-अवर. १४.८ गुणिले १.५, म्हणजे २२.२ वॅट-अवर. मर्यादेच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

चेक-इन काउंटरवर मी स्वतःहून सांगितलं की सुट्या बॅटऱ्या आहेत. तिथल्या मुलीने बरोबर सांगितलं, ‘मॅडम, हँडबॅगेत ठेवा.’ आम्ही आधीच तशा ठेवल्या होत्या. पुढे सिक्युरिटीला एक्स-रेवर बॅग थांबली. तिथले साहेब म्हणाले, ‘हे केबिनमध्ये चालणार नाही. परत जा आणि चेक-इनच्या सामानात द्या.’ मी नियम सांगितला, त्यांनी ऐकून घेतला नाही. सहशिक्षकांना मुलांपाशी ठेवून मी उलट काउंटरवर गेले. तिथे उत्तर तेच: सामानात घेताच येणार नाही. एकाच इमारतीत शंभर पावलांवरची दोन माणसं एकमेकांच्या नेमकं उलट सांगत होती, आणि त्यांच्यामध्ये मी हातात बॅटऱ्या घेऊन ये-जा करत होते.

परत आल्यावर साहेबांनी बॅटरी हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. आमच्या बॅटऱ्यांच्या स्टिकरवर वॅट-अवरचा आकडा कुठेच नव्हता. व्होल्ट आणि एमएएच बारीक अक्षरात, आणि मधोमध सगळ्यात ठळक ‘१००सी’. त्यांनी त्या १००वर बोट ठेवलं. ‘हे बघा, शंभर. मर्यादाच शंभरची आहे.’ आता हा ‘सी’ म्हणजे बॅटरी किती जोरात करंट देऊ शकते त्याचं माप. १.५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला १००सी, म्हणजे कंपनीच्या दाव्याप्रमाणे १५० अँपिअर. त्याचा वॅट-अवरशी काडीचा संबंध नाही. हे मी सांगत असताना साहेबांचं लक्ष मागच्या रांगेकडे.

तेवढ्यात आमच्या संघातली आठवीतली मुलगी पुढे आली. स्पर्धेच्या वहीचं मागचं पान उघडून तिने गुणाकार मांडला, उत्तराला चौकट केली आणि वही ट्रेमध्ये बॅटरीशेजारी ठेवली. ‘सर, स्टिकरवरचेच आकडे घेतलेत. तुम्ही करून बघा.’ आवाज चढवला नाही, घाबरली नाही. साहेबांनी मोबाइलवर खरंच गुणाकार केला. मग सुपरवायझरना बोलावलं. त्यांच्यासमोर मी विमान कंपनीच्या संकेतस्थळावरचं बॅटरीच्या नियमांचं पान ठेवलं, घरून छापून नेलेलं. त्यांनी ते वाचलं आणि ‘जाऊ द्या’ एवढंच म्हणाले. त्या मुलीचा मला फार अभिमान वाटला. पण मुलं इतका वेळ गुन्हेगारासारखी बाजूला उभी होती, त्याचा राग गेलेला नाही. विमानाच्या दारापाशी पोचलो तेव्हा आमच्याच नावांचा पुकारा चालू होता.

तेव्हा सगळ्यात महत्त्वाचं: बॅटरी घेतानाच वॅट-अवर छापलेली बघून घ्या. मिळाली नाही तर विमान कंपनीच्या नियमांचं पान छापून न्या. मोबाइलवर दाखवलेलं कुणी नीट वाचत नाही, कागद हातात घेऊन वाचतात. सगळ्या बॅटऱ्या एकाच्या बॅगेत कोंबू नका, मुलामुलांत वाटा. माणशी किती न्यायच्या यावर प्रत्येक कंपनीची मर्यादा असते. कनेक्टरला चिकटपट्टी लावा, बॅलन्स लीडच्या (प्रत्येक सेल वेगळा चार्ज करायच्या बारीक तारांच्या) पांढऱ्या टोकालासुद्धा. तिथे अॅलन कीसारखं धातूचं काही टेकलं तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. आणि भरलेली बॅटरी घेऊन निघू नका. सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ असतं. ४.२पर्यंतचं चार्जिंग स्पर्धेच्या ठिकाणी करा.

स्पर्धेतली तांत्रिक तपासणी त्यामानाने पटकन झाली. पंखे काढून मोटर चालू करायला लावतात आणि रिमोट बंद करतात. मोटर लगेच थांबली तरच फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटल्यावर ड्रोन आपोआप बंद होण्याची सोय, पास. घरी हे रोज करून घ्या. ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र उडवणाऱ्याच्या गॉगलमध्ये ज्या चॅनलवरून येतं, ते आयोजक देतील तेच ठेवायचं. कुणी आपल्या मनाने ड्रोनवरचा व्हिडिओ ट्रान्समीटर चालू केला तर उडणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या गॉगलमधलं चित्र जातं आणि त्याचा ड्रोन गेटवर आदळतो. हे मुलांना आधीच बजावून ठेवा. आमचा ड्रोनचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला.

परतीचं राहिलंच. धडकाधडकीत एखादी बॅटरी फुगते किंवा चेपते. अशी बॅटरी विमानात नेता येत नाही, वॅट-अवर कितीही कमी असोत. आमची एक फुगली होती, ती आयोजकांनी विल्हेवाटीसाठी ठेवून घेतली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक बॅटरी हातात घेऊन तपासा, म्हणजे देऊन टाकायला वेळ मिळतो.