आमची वाटचाल: गच्चीवरून सुरू होणारा हिशेब

जालन्यात एसी बसवायला लागलो तेव्हा आमचा आडाखा एकच होता, शंभर-सव्वाशे चौरस फुटाला एक टन. सगळेच तसं करायचे.

तो आडाखा बीडच्या एका दवाखान्यात मोडला. वरच्या मजल्यावर हजार फुटांचा वॉर्ड होता. मे महिन्यात डॉक्टरसाहेबांचा फोन आला, "दुपारी ठीक असतंय हो, पण दिवे लागले की भट्टी होतीय. पेशंट झोपंनात." गॅस तपासला, फिल्टर धुतले. मशीनमध्ये काही दोष नव्हता. संध्याकाळी सातला स्टुलावर चढून छताला खालून हात टेकवला, तर गिलावा चांगलाच गरम! सूर्य मावळला होता आणि दुपारचं ऊन आत्ता खोलीत उतरत होतं.

संभाजीनगरच्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी मग वहीत मांडून दाखवलं: छतातून आत येणारी उष्णता म्हणजे क्षेत्रफळ गुणिले यू-व्हॅल्यू (छत किंवा भिंत किती सहज उष्णता आत सोडते तो आकडा) गुणिले तापमानाचा फरक. हा फरक नुसता बाहेरच्या आणि आतल्या हवेतला धरायचा नाही, कारण उन्हातला स्लॅब हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. शिवाय ती उष्णता आत पोचायला काही तास जातात, नऊ इंची भिंतीतून तर आणखी जास्त. म्हणून सीएलटीडीचे, म्हणजे ऊन आणि हा उशीर धरून काढलेल्या तापमान-फरकाचे तक्ते तासागणिक असतात. वॉर्डचा हजार फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर उघडा स्लॅब, यू ३.५, फरक २२ अंश धरला तर सात किलोवॅट, म्हणजे दोन टन नुसते छतातून! वर दोन इंची एक्सपीएस (उष्णता अडवणारे फोमचे कडक बोर्ड) टाकलं की यू ०.५ च्या आसपास येतो आणि तोच भार एक टनाच्या तिसऱ्या हिश्शावर.

आजीच्या माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. तिथं भर दुपारीही गार का वाटायचं, ते मला त्या वहीवर कळलं.

बीडच्या गच्चीवर एक्सपीएस आणि वर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर) केलं. मशीन तीच ठेवली. पुढच्या मे महिन्यात तक्रार आली नाही.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळपास लागतच नाही, सगळा मार छत आणि पश्चिमेच्या भिंतीवर. गिऱ्हाइकाला हे सांगून "मशीनचे पैसे गच्चीवर घाला" असं पटवता पटवता काही कामं हातची गेली. त्याचं वाईट वाटतं, पण चुकीचा टन सांगून पैसे घ्यायला मन धजत नाही.

आता कोटेशनआधी थोरला मुलगा टेप घेऊन गच्चीवर जातो. गेल्या आठवड्यात जालन्यात बियाण्यांच्या गोदामाची पश्चिमेची भिंत मोजून आला. मालक म्हणाले, "आधी भिंतीचंच बघा."