सम्प बांधण्याआधी दोन आकडे काढा

खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे समुद्री जिवांच्या टँकखाली सम्प (गाळणीची साधनं ठेवायचा दुसरा टँक) बसवायचा म्हटलं की आधी चर्चा होते ती स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कुठला घ्यायचा याची. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. वीज गेली तर वरच्या टँकमधून किती पाणी खाली येईल? आणि खाली येणारी वाट तुंबली तर रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत वर नेणारा) किती पाणी वर चढवेल? सम्पची मापं, काचांची उंची, पंपाची जागा हे सगळं या दोन आकड्यांवरून ठरतं. हे न काढता बांधलेला सम्प रोजच्या चालण्यात उत्तम वाटतो आणि पहिल्याच बिघाडाला जमिनीवर पाणी करतो.

उदाहरणासाठी वरचा टँक १२० × ५० × ५० सेमी धरू आणि सम्पसाठी ९० × ४० × ४० सेमीचा साधा काचेचा टँक. मापं आतली आहेत. वरच्या टँकमध्ये दर एक सेमी उंचीला ६ लिटर पाणी बसतं. हा सहाचा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

पहिला हिशेब वीज गेल्याचा. पंप थांबला की वरची पातळी ओव्हरफ्लोच्या (वरचं पाणी ज्या खोक्यातून सम्पकडे उतरतं त्याच्या) काठापर्यंत उतरते आणि तिथे थांबते, असं सगळे गृहीत धरतात. पण रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात असतं. पंप बंद होताच तीच नळी उलटा सायफन होते आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहते. तोंड पृष्ठभागाखाली ३ सेमी असेल तर १८ लिटर उतरतील, १० सेमी असेल तर ६०. यात ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं पाणी, नळ्यांमधलं पाणी आणि स्किमरच्या पोटातून परत येणारं पाणी मिळवायचं. तोंड ३ सेमीवर असेल तर एकूण २५ लिटर धरून चाला.

नळीला पृष्ठभागाच्या जरा खाली छोटं भोक पाडतात, म्हणजे पातळी तिथवर आली की हवा शिरून सायफन तुटतो. भोक जरूर पाडा, पण हिशेब ते नाही असं समजूनच करा. शेवाळ किंवा एखादी बारीक गोगलगाय ते सहज बुजवते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच. झडपेवर चुन्याचा थर बसला की ती पूर्ण मिटत नाही आणि पाणी सावकाश पण रात्रभर उतरत राहतं. भरवसा ठेवावा असा उपाय एकच: तोंड वर ठेवणं.

दुसरा हिशेब उलटा. ओव्हरफ्लोची फणी (पाणी आत घेणारे दाते) तुंबली, तर पंप रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी वर ढकलत राहील आणि त्याचं तोंड कोरडं पडल्यावरच थांबेल. म्हणून हा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. २२ सेमी लांब, ४० सेमी रुंद, पातळी १७ सेमी आणि पंपाचं तोंड तळापासून ५ सेमीवर, म्हणजे पंपाच्या हाती १२ सेमीचं पाणी, साधारण साडेदहा लिटर. शिवाय पहिल्या काचेवरून वाहणारा अर्ध्या सेमीचा पातळ थरही निथळून इकडे येतो, तो दीड लिटर धरा. असे झाले बारा. वरच्या टँकची रोजची पातळी काठाखाली ३ सेमी असेल तर तिथे १८ लिटरची जागा आहे, म्हणजे निभावलं. ती एकच सेमी ठेवली तर सहा लिटर बाहेर.

आता कप्पे. पाणी उतरतं तो पहिला कप्पा ६० सेमी, मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचांचा ८ सेमीचा पट्टा, मग २२ सेमीचा रिटर्न. पहिली काच तळाला चिकटलेली, २२ सेमी उंच. दुसरी तळापासून ३ सेमी वर उचललेली आणि तिचा वरचा काठ पाण्याच्या बराच वर, ३० सेमीपर्यंत. तिसरी पुन्हा तळाला टेकलेली, १९ सेमी. पाणी पहिलीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जातं आणि मधल्या संथ चढ-उतारात बुडबुडे वर सुटतात. दोन काचांमधली फट ३ सेमीपेक्षा कमी नको. अरुंद फटीत पाण्याला वेग येतो आणि ते बुडबुडे सोबत ओढून नेतं.

पहिल्या काचेची उंची स्किमर ठरवतो. स्किमरला किती खोल पाणी लागतं ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. काच उंच झाली तर स्किमर स्टँडवर चढवता येतो, बुटकी झाली तर काही इलाज नाही. म्हणून शंका असेल तेव्हा काच उंच ठेवा आणि रिकाम्या जागेचा हिशेब पुन्हा करा. वरच्या मापांत सम्पमध्ये चालू असताना ७०-७५ लिटर पाणी असतं आणि काठाखाली ३ सेमी सोडूनही आणखी ५० लिटर सहज मावतात. पंचवीस लिटर येणार असताना पन्नासची जागा म्हणजे ऐसपैस. निम्मा सम्प रिकामा दिसतो म्हणून पुष्कळांना तो वाया गेल्यासारखा वाटतो, पण ती रिकामी उंची हाच त्याचा विमा आहे.

एवढ्या सम्पमध्ये रिफ्युजियमसाठी (शेवाळ वाढवायच्या जागेसाठी) वेगळा कप्पा काढू नये असं माझं मत आहे. तो कप्पा आणि बाकीचा सम्प, दोन्ही अपुरे पडतात. किटोमॉर्फा हे शेवाळ वाढवायचं असेल तर पहिल्याच कप्प्यात जाळीच्या खोक्यात ठेवा आणि त्यावरचा दिवा वरचा दिवा विझल्यावर लावा. त्याने रात्री पीएच एरवीइतका घसरत नाही.

हीटर पहिल्या कप्प्यात, जिथे पातळी हलत नाही. रिटर्नमध्ये ठेवला तर बाष्पीभवनाने पाणी उतरताच तो उघडा पडतो.

काच कापून घेताना आतली रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा. सर्वांत कमी मापातून ३ मिमी वजा करा, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी सिलिकॉनला मिळेल. जाडी ५ ते ६ मिमी पुरते, धार मारून घ्या. काचेच्या टँकमध्ये अ‍ॅक्रिलिकचे तुकडे बसवायचा मोह टाळा. अ‍ॅक्रिलिक पाणी पिऊन किंचित फुगतं आणि सिलिकॉन त्याला नीट धरत नाही. काही महिन्यांनी पट्टी सालासारखी सुटून येते.

सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीरोधक नसलेलं घ्या. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं रसायन असतं, ते इथे चालत नाही. टँक जुना असेल तर जिथे काच बसणार तिथलं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढा, कारण नवं जुन्यावर धरत नाही. मग रबिंग अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. सांध्यापासून ५ मिमी सोडून दोन्हीकडे मास्किंग टेप, काच उभी राहण्यासाठी लाकडी ठोकळे, आणि एका दमात सलग पट्टी. ओल्या बोटाने एकदाच ओढून लगेच टेप काढा. दहा मिनिटं गेली की वर साय धरते आणि मग टेपसोबत कडही फाटते. तीन काचा असतील तर एक पूर्ण संपवून दुसरीला हात घाला. पाणी भरण्याआधी निदान दोन दिवस, जाड पट्टी असेल तर आठवडा सुकू द्या. वास येतोय तोवर ते सुकलेलं नाही.

वरच्या टँकला भोक पाडायचं असेल तर आधी ती काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) नाही याची खात्री करा. टेम्पर्ड काचेला ड्रिल टेकलं की सगळीच फुटते. बल्कहेडचा (भोकातून नळी काढायच्या जोडाचा) रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, कडेच्या खाली. नट हाताने आवळून वर पाव फेरा. पान्याने जोर केला तर काच तडकते.

खाली येणाऱ्या नळ्या दोन ठेवा. मुख्य नळी पूर्ण भरून सायफनने वाहते, तिच्यावर पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी होत नाही. पितळी कॉक तर अजिबात नको, तांबं अपृष्ठवंशी जिवांना मारतं. दुसरी नळी आणीबाणीची, तिचं तोंड ओव्हरफ्लोमधल्या पातळीपेक्षा एक-दोन सेमी वर, आणि तिच्यावर कुठलाही व्हॉल्व्ह नाही. मुख्य नळीचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात २-३ सेमीच बुडवा. जास्त बुडवलं तर सुरुवातीला नळीतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. आणीबाणीच्या नळीचं टोक पाण्याच्या वर सोडा. तिच्यातून पाणी पडल्याचा आवाज आला की मुख्य नळीत काहीतरी अडकलंय हे बघायच्या आधी ऐकूनच कळतं.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तासाला टँकच्या तीन ते पाचपट पाणी फिरलं की झालं, म्हणजे इथे ९०० ते १५०० लिटर, पण ते तुमच्या खऱ्या उंचीवर मिळायला हवं. प्रवाह कमी करायचा तर पंपाच्या पुढच्या नळीवर व्हॉल्व्ह लावा, ओढणाऱ्या तोंडावर कधीच नाही.

बाष्पीभवनाचा सगळा परिणाम रिटर्नच्या कप्प्यात दिसतो. तिथे एक सेमी म्हणजे ०.८८ लिटर, त्यामुळे दिवसाला ४ लिटर उडाले तर पातळी साडेचार सेमी उतरते. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच) लावून गोडं पाणी आपोआप भरणं सोयीचं, पण साठ्याचा ड्रम लहान ठेवा. संपूर्ण यंत्रणेत ३२० लिटर पाणी असताना स्विच अडकून १० लिटर गोडं पाणी आत गेलं तर क्षारता ३५ वरून ३४ पीपीटीवर (हजार भागांत ३४ भाग) येते, ते प्रवाळ सोसतात. साठ लिटरचा ड्रम रिकामा झाला तर ती साडेएकोणतीसवर येते, ते सोसत नाहीत.

चाचणी गोड्या पाण्याने करा. आधी सम्प कपाटाबाहेर सपाट जागी चोवीस तास काठोकाठ भरून ठेवा. मग सगळं जोडून पंप चालू करा, पातळ्या स्थिरावल्या की प्लग काढा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत बघत राहा. हे तीनदा. तिसऱ्यांदा सायफनच्या भोकावर टेप लावून. पाणी मावलं की पुन्हा चालू करून रिटर्नच्या कप्प्याच्या काचेवर बाहेरून पक्क्या शाईने रेघ मारा. टॉप-अप करताना पाणी या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस वरच्या टँकमध्ये बारीक बुडबुडे दिसले तर काचा उखडायला घेऊ नका. नवा स्किमर आणि नव्या काचा यांच्यावर चिकट थर बसला की ते बहुधा थांबतात. त्यानंतरही राहिले तर आधी रिटर्नची पातळी बघा. ती खाली गेली की तिसऱ्या काचेवरून धबधबा पडतो आणि पंप हवाही ओढतो.