चाळीस हजारांत डीटीपीचा कॉम्प्युटर

गोव्यात डिचोलीला घरच्या पुढच्या खोलीत मी मराठी डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईच्या मजकुराची मांडणी. लग्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल आणि दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की नाटकांची हस्तपत्रकं. २०१३ साली घेतलेला कॉम्प्युटर बारा वर्षं चालला. त्यातल्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, माझा तिसऱ्या पिढीचा. सुरक्षेचे अपडेट वर्षभर वाढवून घेण्याची सोय होती, पण हार्ड डिस्कही कुरकुर करू लागली होती. ऐन कार्तिकात ती बसली असती तर नाटकमंडळ्यांना काय तोंड दाखवणार? चवथीच्या आधीच नवा घ्यायचं ठरवलं. हाताशी चाळीस हजार, त्यातच मॉनिटर आणि यूपीएस.

लॅपटॉप घे, असं घरात सगळेच म्हणत होते. मी दुकानात दोन-तीन उघडून पाहिले. त्या किमतीतल्या स्क्रीनवर कुंकवाचा लाल रंग विटकरी दिसत होता, मान जरा हलवली की आणखी फिका. माझं पोट रंगांवर आहे. शिवाय आमच्या पावसात दमटपणाने मदरबोर्ड गेला तर लॅपटॉपचा खर्च झेपत नाही. डेस्कटॉपचा एकेक भाग बदलता येतो.

म्हाप्शातल्या एका दुकानाने असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या सेटचं कोटेशन दिलं, बजेटपेक्षा तीन हजार कमी. मी जवळजवळ आगाऊ रक्कम देऊन बसले होते. संध्याकाळी ते फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "मामी, प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे ना? त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काही येणारच नाही." कोटेशनमध्ये कार्ड नव्हतं. मला दुकानदाराचा राग आला, अजूनही येतो. गिऱ्हाइकाला हे न सांगता आकडा कमी दाखवणं बरोबर नाही.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी मॉनिटर: आयपीएस पॅनलचा, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा, साधारण आठ हजारांचा. मग प्रोसेसर: रायझन ५ ५६००जी, सहा कोअरचा, ग्राफिक्स आतच. पत्रिका आणि पुस्तकांच्या मांडणीला याहून जास्त ताकद लागत नाही. रॅम १६ जीबी, पण एकच पट्टी नव्हे, आठ-आठच्या दोन. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. फाइल्स साठवायला हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान अशी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली. जुन्या डिस्कवर मोठी फाइल उघडेपर्यंत चहा व्हायचा, आता उघडायला क्षणभर लागतो. कॅबिनेट सगळ्यात साधं घेतलं, रंगीत दिवे नकोत म्हणून सांगितलं. पॉवर सप्लाय मात्र नावाजलेल्या कंपनीचाच, कारण तो बिघडताना सोबत इतर भागही नेऊ शकतो.

आणि यूपीएस. इथे पावसात फांदी तारांवर पडली की वीज जाते, येते, पुन्हा जाते. ६०० व्हीए क्षमतेचा पुरे झाला. माझा सगळा सेट काम करताना शंभरेक वॉट ओढतो, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो. पण यूपीएस लावण्याआधी वायरमनला बोलावलं हे फार बरं झालं. त्याने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं. ते शून्याच्या आसपास हवं, आमच्याकडे चाळीसच्या वर! अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत आणि तार गंजलेली. ते काम बजेटात नव्हतं, वेगळे दोन हजार गेले. मॉनिटरचे हजार वाचवावेत असा मोह तेव्हा झाला होता, नाही वाचवले.

एक गोष्ट दुकानात कोणीच विचारली नाही: माझ्या जुन्या फाइल्स. त्या युनिकोडच्या, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं बिघडतात. म्हणून जुना कॉम्प्युटर मोडीत काढला नाही. त्याचं इंटरनेट तोडलं, फाइल्सच्या दोन प्रती बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. पावसाळ्यात दर रविवारी तो तासभर चालू ठेवते, आत दमटपणा धरू नये म्हणून. एखाद्या मंडळाचं दहा वर्षांपूर्वीचं हस्तपत्रक हवं असलं की तोच उघडते, प्रिंट काढते आणि मजकूर नव्यावर पुन्हा टाइप करते.