तिकोनी तुकडा मोजताना

कालवा, नाला किंवा नवा रस्ता शेतातून तिरका गेला की एका कडेला तिकोनी तुकडा उरतो. नाशिकजवळ निफाड-दिंडोरीकडे असे तुकडे बरेच दिसतात. कुंपण घालायचं असो, द्राक्षाच्या ओळी पाडायच्या असोत की नुसते किती गुंठे भरतात ते बघायचं असो, पहिलं काम एकच : तिन्ही बाजू टेप लावून मोजायच्या. दोन मोजल्या आणि तिसरी ‘तेवढीच असेल’ म्हणून धरली, असं करू नका. चौकोनाच्या चारही बाजू कळल्या तरी तो कलू शकतो, क्षेत्रफळ बदलू शकतं. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोन, उंची, क्षेत्रफळ सगळं ठरलं.

उदाहरण घेऊ. कोपरे क, ख, ग. कख ६५ मीटर, खग ७० मीटर, गक ७५ मीटर. परिमिती २१०, अर्धपरिमिती १०५. आता हेरॉनचं सूत्र : १०५ मधून एकेक बाजू वजा केली की ४०, ३५ आणि ३० उरतात. १०५ × ४० × ३५ × ३० = ४४,१०,०००. वर्गमूळ २१००. म्हणजे २१०० चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत २१ आर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तेव्हा पावणेएकवीस गुंठे.

हाच तुकडा बरेच जण ‘दोन बाजूंचा गुणाकार भागिले दोन’ असा काढतात. ६५ × ७५ ÷ २ = २४३७.५. तब्बल ३३७.५ चौरस मीटर जास्त, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांच्याही वर! हा हिशोब त्या दोन बाजूंमध्ये काटकोन असेल तरच बरोबर येतो. एरवी गुणायची असते ती उंची, बाजू नव्हे. इथे क पासून खग वर टाकलेला लंब ६० मीटर येतो, आणि ७० × ६० ÷ २ = २१००. ही चूक कधीच कमीच्या बाजूला जात नाही, नेहमी जास्तच दाखवते. जमीन विकत घेणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं. सरकारी मोजणी वेगळी आणि कायद्याने तीच चालते, पण सौद्याला बसण्याआधी आपला आकडा आपल्याकडे असलेला बरा.

मापात खरी गडबड कुठे होते? टेप ३० मीटरचा, बाजू ७० ची, म्हणजे टेप तीनदा लावायचा. मधल्या टप्प्यावर माणूस रेषेतून एक मीटर बाजूला सरकला तरी एकूण लांबीत तीन सेंटिमीटरचाही फरक पडत नाही. पायथागोरसने करून बघा : ३५ चा वर्ग अधिक १, त्याचं वर्गमूळ ३५.०१४. घात होतो तो अख्खा टेप मोजायचा राहून गेला की. म्हणून प्रत्येक टेपच्या शेवटी खुंटी ठोका, मागच्या माणसाने ती उपटून जवळ ठेवावी आणि शेवटी हातातल्या खुंट्या मोजाव्यात. टेपचा शून्य कुठे आहे, कडीच्या टोकाला की पुढे पट्टीवर, तेही आधी बघून घ्या.

माप कागदावर आलं की पहिली चाचणी : कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त हवी. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत ही अट न पाळणाऱ्या आकृतीला सरळ ‘अक्षेत्र’ म्हटलंय. परीक्षेतही हीच अट कामी येते : समद्विभुज त्रिकोणाच्या बाजू ४ आणि ९ दिल्या तर परिमिती २२ च, १७ नाही, कारण ४ + ४ हे ९ पेक्षा कमी.

पण शेतात एवढ्यावर भागत नाही. एक टेप राहिला आणि ७५ च्या जागी ४५ लिहिले गेले, तरी ६५, ७० आणि ४५ चा त्रिकोण होतोच. चूक पकडायला चौथं माप लागतं. सगळ्यात सोपी ती मध्यगा. खग वर ३५ मीटरला खुंटी ठोका आणि तिथून क पर्यंत मोजा. दहावीतलं अपोलोनियसचं प्रमेय वापरायचं : ६५ च्या वर्गाची दुप्पट, अधिक ७५ च्या वर्गाची दुप्पट, वजा ७० चा वर्ग, म्हणजे १४,८००. त्याचं वर्गमूळ १२१.६५, निम्मं ६०.८३ मीटर. ४५ धरून हेच गणित केलं तर ४३.५९ येतं. टेप आणि गणित दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत जुळलं तर चालेल, अर्धा मीटर फरक असेल तर पुन्हा मोजा.

बाजूवरच शेततळं आलं तर? समजा खग सरळ मोजता येत नाही. कख चा मध्य ३२.५ वर, कग चा ३७.५ वर. या दोन मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा, ३५ येईल. दुप्पट केली की खग ७०. नववीतलं मध्यबिंदूंचं प्रमेय ते हेच. फक्त इथे पाच सेंटिमीटरची चूक दहाची होते, म्हणून हे माप दोनदा घ्या. क च्या मागे मोकळी जागा असेल तर आणखी चांगलं : कख आणि कग या दोन्ही बाजू आपापल्या लांबीएवढ्या क च्या मागे वाढवा, टोकांमधलं अंतर थेट खग एवढं येतं.

उतार असेल तर दोन वेगळे आकडे लागतात. ३० मीटरच्या टेपमध्ये ३ मीटर उतार असेल तर आडवं अंतर २९.८५. क्षेत्रफळाला हे आडवं अंतर, कुंपणाच्या तारेला मात्र उतारावरून मोजलेलं.

द्राक्षबागेसाठी ९ फुटांवर, म्हणजे २.७४ मीटरवर ओळी धरल्या, तर ओळींची एकूण लांबी २१०० ÷ २.७४, सुमारे ७६५ मीटर. ओळी लहानमोठ्या असल्या तरी बेरीज तीच. कडेच्या वाटा यातून वजा करायच्या.

कुंपणाचे खांब अडीच मीटरवर : २६ + २८ + ३० = ८४. बाजूगणिक एक खांब वाढवू नका, कोपरे दोनदा मोजले जाऊन ८७ होतात. पाच पदरी तारेला १०५० मीटर, वर गाठी-वळशांसाठी थोडी जास्त. काटेरी तार किलोवर मिळते, तेव्हा घ्यायच्या गेजची (जाडीची) तार किलोला किती मीटर भरते ते दुकानात आधी विचारा. ग चा कोपरा सगळ्यात टोकदार, ५३ अंशांचा, कारण समोरची बाजू सगळ्यात लहान. तिथल्या खांबावर आतल्या बाजूला येणारी ओढ एका बाजूच्या ताणाच्या १.७९ पट होते, काटकोनी कोपऱ्यात ती १.४१ पट असते. त्यामुळे या खांबाचा खड्डा जास्त खोल घ्या आणि दोन्ही तारांच्या रेषेत एकेक तिरपा टेकू द्या.