आजींना सोबत न्या

"तुमची मुलं संग्रहालयात दोन-दोन तास कशी रमतात? आमची तर दहा मिनिटांत 'चला ना घरी' सुरू करतात." सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न मला हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: आम्ही सासूबाईंना बरोबर नेतो.

पुण्यात बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आमचं सगळ्यात आवडतं. तिथे लढाया आणि तहांपेक्षा घर जास्त दिसतं. दिवे, कुलपं, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं. वस्तू वीस हजारांच्या वर आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, तरीही एका फेरीत बघून होत नाहीत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा धाकटी एका कपाटापुढे थबकली. आत पितळी हत्ती, पक्षी. "खेळणी आहेत?" मी पाटी वाचायला वाकले, तोवर सासूबाई म्हणाल्या, "अगं, या वज्र्या! पाय घासायच्या. आमच्याकडे साधी भाजक्या मातीची होती. शेतातून आलं की न्हाणीतल्या दगडावर बसायचं आणि टाचा घासायच्या. भेगांत माती बसली तर रात्रभर ठणकायचं." बोलताना त्यांनी चप्पल काढून टाच दाखवली. त्या दिवशी धाकटीने आजीची टाच पहिल्यांदाच नीट पाहिली असावी. पाटीवर एवढं कुठून येणार?

मोठ्याला मी संग्रहालयाच्या नावाची गोष्ट सांगितली. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहायचे. त्यांचा राजा हा मुलगा सात वर्षांचा असताना गेला, आणि गावोगाव हिंडून जमवलेल्या या संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं. १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. ही गोष्ट सांगितली तेव्हा मोठा आठ वर्षांचा होता. "म्हणजे माझ्याहून लहान," एवढंच म्हणाला आणि बराच वेळ माझा हात धरून चालला.

मग अडकित्ते आले. घोड्यांचे, मोरांचे, कितीतरी. मुलांनी काचेला तळवे टेकवले. काच हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, नाहीतर या वस्तू टिकणार कशा? पण प्रत्येक संग्रहालयाने एक साधं जातं, एक अडकित्ता, एक ताक घुसळायची रवी मुलांच्या हातात द्यायला बाहेर ठेवावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. हाताला कळलेलं मूल विसरत नाही.

तोवर ते काम आमच्या घरी होतं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी त्यांच्या आईचा अडकित्ता काढला. लोखंडी, नक्षी नाही, मुठी वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. मोठ्याने सुपारी पात्याच्या टोकाशी धरून दाबली. ती टुणकन उडून कपाटाखाली गेली. दुसरीही गेली. "टोकाला नको रे, खिळ्याजवळ सरकव. आणि बोटं बाहेर." त्याने सरकवली, दोन्ही हातांनी दाबली आणि कट्‌ आवाज झाला. खांड निघालं. मग पुन्हा टोकाशी, पुन्हा खिळ्याशी, असं तो किती वेळ करून बघत होता. खिळ्याजवळ जोर कमी लागतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, ते त्याच्या मनगटाला कळलं. शेजारी बसून सासूबाई त्याच सुपारीचं कात्रण करत होत्या, कागदासारखं पातळ, बोलता बोलता, हाताकडे न बघता. मुलं बघतच राहिली. मीही. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांचं हे कसब मी त्या दिवशी पाहिलं.

एक मात्र सांभाळा. जिने चढून आजींचे गुडघे दुखतात, म्हणून एका खेपेला एकच मजला बघा. बाकीचा पुढच्या सुट्टीत, पुन्हा तिकीट काढावं लागलं तरी चालेल. आणि त्या बोलत असताना पाटी वाचून दाखवू नका.