फंडाला बाहेर पडायला किती दिवस लागतील?

बुटीबोरीहून घरी येताना बसमध्ये दिराचा फोन आला. "वहिनी, आपल्या त्या शेअरमध्ये म्युच्युअल फंड घुसलाय. अजून घ्या."

माझ्याकडे त्या कंपनीचे 400 शेअर होते, 180 च्या भावाचे. छोटी कंपनी, कर्ज नाही, विक्री दरवर्षी वाढती. नाव लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते व्हॉल्यूमबद्दल, म्हणजे दिवसात किती शेअर हात बदलतात त्याबद्दल.

रात्री बल्क डीलची यादी उघडली. कुणी एका दिवसात कंपनीच्या एकूण शेअरपैकी 0.5 टक्क्यांहून जास्त घेतले किंवा विकले, की नाव, संख्या आणि सरासरी भाव एक्स्चेंज जाहीर करतं. या कंपनीचे एकूण शेअर 2 कोटी, म्हणजे सौदा 1 लाखाच्या वरचा. माझ्या वहीत रोजची सरासरी उलाढाल होती 15 हजार. जवळजवळ सात दिवसांचा माल या फंडाने एका दिवसात उचलला होता. अशा वेळी विकणारा कोण तेही बघावं. बरेचदा समोर कुणी जुना मोठा गुंतवणूकदारच असतो. उरलेले शेअर फंड थोडे थोडे घेतो, नाहीतर त्याच्याच खरेदीने भाव पळतो.

सासऱ्यांची काटोलला संत्र्याची बाग आहे. कळमन्याच्या बाजारात बाहेरचा मोठा व्यापारी उतरला की भाव चढतो, संत्रं मात्र कालचंच असतं.

दोन महिन्यांत 180 चे 260 झाले. सुरुवातीला डिलिव्हरी, म्हणजे त्याच दिवशी न विकता ठेवून घेतलेल्या शेअरचं प्रमाण, 70 टक्क्यांच्या वर होती. घेणारे शेअर घरी नेत होते. भाव 240 च्या वर गेल्यावर व्हॉल्यूम तिप्पट आणि डिलिव्हरी 30 टक्क्यांवर उतरली. आता सकाळी घेऊन दुपारी विकणारे आले होते. हा फरक मी वहीत रोज लिहीत होते, तरी त्याचा अर्थ लावला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एका संध्याकाळी त्याच यादीत तोच फंड विक्रीच्या बाजूला दिसला. कंपनीत काही बिघडलं नव्हतं, तिमाहीचा नफा वाढलेलाच होता. फंडाचे स्वतःचे गुंतवणूकदार पैसे काढायला लागले, तरी त्याला विकावं लागतं. दुसऱ्या दिवशी 9.15 ला मोबाईल उघडला, तर खरेदीच्या रकान्यात पाचही ओळी शून्य. लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू शकतो ती मर्यादा, 5 टक्के: 247. मग 234.65. मग 222.95. तीन दिवस विकायला उभी होते, घेणारा कुणी नाही. चौथ्या दिवशी 200 शेअर 215 ला गेले.

बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या सांगण्यावरून मार्च 2024 पासून मिड आणि स्मॉल कॅप फंड, म्हणजे मध्यम आणि छोट्या कंपन्यांत पैसे घालणारे फंड, आपल्याकडचे 25 आणि 50 टक्के शेअर विकायला किती दिवस लागतील ते जाहीर करतात. तो आकडा अख्ख्या फंडाचा. मला हवा होता माझ्या शेअरचा.

म्हणून वहीत नवा रकाना आखला. कंपनीच्या तिमाही शेअरहोल्डिंगच्या यादीत, म्हणजे कुणाकडे किती शेअर त्या यादीत, 1 टक्क्याहून जास्त हिस्सा असलेल्या फंडांची नावं असतात. या फंडाकडे अजून 6 लाख शेअर आहेत. भाव न पाडता रोजच्या व्हॉल्यूमचा पाचवा हिस्सा, म्हणजे 3 हजार विकता येतील असं धरलं, तर 200 दिवस. वर्षभरात बाजार उघडा असतो साधारण 250 दिवस.

दिराला दाखवलं. त्याने लगेच स्वतःच्या दोन कंपन्या काढायला लावल्या. एकीचे आले 40 दिवस, दुसरीचे 310.